बॉल कोनं देल्ला?

देवाजी मुनेश्वरचा फोटो पेपरात एकदाच छापून आला, आणि त्यातही त्याची पाठच दिसते. राज्याच्या संघानं गोल केला होता. गोल करणारा दोन्ही हात पसरून धावतो आहे, चौघं त्याच्या अंगावर झेपावलेत, आणि डाव्या कडेला एक बारकेला माणूस पाठमोरा आपल्या जागेकडे परत चालला आहे. तो देवाजी. डाव्या बाजूनं बॉल नेऊन, दोघांना चकवून, त्यानंच तो त्या धावणाऱ्याच्या पायावर आणून ठेवला होता. फोटोखाली अकरा ओळींची बातमी आहे. त्यात देवाजीचं नाव नाही. पेपर तेलुगू होता, म्हणून मी खात्री करायला दोनदा वाचला.

मी माणिकराव. तेलंगणात, तामसीजवळच्या आमच्या गावातल्या मराठी शाळेचा हेडमास्तर होतो, आणि त्याच्या पुष्कळ आधी आदिलाबादच्या सरकारी वसतिगृहाच्या संघाचा गोलकीपर. देवाजीचे बॉल मी सहा वर्षं अडवले, म्हणजे अडवायचा प्रयत्न केला. मला त्याचा राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. राग नसता तर लिहायला बसलोच नसतो.

तो डावखुऱ्या पायाचा झाला तो धसकटामुळे. नऊ वर्षांचा असताना, ज्वारी कापलेल्या वावरातून अनवाणी पळताना, एक धसकट उजव्या तळव्यात आरपार गेलं. जखम वर्षभर भरली नाही. तेवढ्या वर्षात पोरगं डाव्या पायानं दगड, डबे, बोरं, जे सापडेल ते मारायला शिकलं. वसतिगृहात फुटबॉल आला तेव्हा आम्ही सगळे बॉलमागे कोंबड्यांसारखे धावायचो आणि हा डाव्या रेघेजवळ एकटा उभा असायचा. बॉल आला की गर्दीकडे बघायचा, कोण मोकळं आहे ते हेरायचा आणि नेमका त्याच्याकडे टाकायचा. स्वतः गोल मारायच्या भानगडीत तो फारसा पडत नसे. मी म्हणायचो, "अबे, मार ना तू." तो म्हणायचा, "मारनारे लय हाय इथं. देनारं कोन हाय?"

त्या पायाच्या जोरावर त्याला हैदराबादेत एका सरकारी कंपनीच्या संघात घेतलं. नोकरी हंगामी. कायम करू, कायम करू असं सात वर्षं ऐकवलं गेलं. त्यात एकदा राज्याकडून संतोष ट्रॉफी खेळला, तोच तो फोटो. मग गुडघा गेला. पुढच्या हंगामाची यादी फळ्यावर लागली, त्यात त्याचं नाव नव्हतं. कोणी बोलावून सांगितलंही नाही. एक पत्र्याची पेटी आणि बुटांचे दोन जोड घेऊन तो गावात उतरला तेव्हा बसस्टँडवर मीच होतो. "झालं?" मी विचारलं. "झालं," तो म्हणाला आणि पेटी माझ्या सायकलवर ठेवली.

कोच म्हणून मात्र तो खेळाडूपेक्षा मोठा होता, हे रागात असूनही कबूल करतो. शाळाशाळांतून कंत्राटी कोच म्हणून फिरायचा, आणि सुट्टीत गावच्या गायरानावर आमच्या पोरांना शिकवायचा. त्याची पद्धत कुठल्या पुस्तकात नव्हती. कापूस लावताना आपण वावरात आडवी-उभी दोरी मारतो ना, आणि दोन रेघा जिथे छेदतात त्या फुलीवर बी टाकतो, तशा त्यानं सगळ्या गायरानावर चुन्याच्या फुल्या मारल्या. ज्याची फुली त्यानं सांभाळायची. तो सुटला तर शेजारच्यानं दोन फुल्या बघायच्या. शेतकऱ्यांच्या पोरांना हे एका दिवसात कळलं. इंग्रजी नावं वर्षभर घोकून कळली नसती.

दुसरा नियम गोल झाल्यावरचा. गोल झाला की देवाजी शिट्टी वाजवून खेळ थांबवायचा आणि ओरडायचा, "बॉल कोनं देल्ला?" गोल करणाऱ्यानं आधी पळत जाऊन देणाऱ्याचा हात धरायचा, मग काय नाचायचं ते नाचायचं. कोणी विसरला तर गोल रद्द. पोरं चिडायची, आयाबाया हसायच्या. मी तो पेपरातला फोटो पाहिलेला असल्यामुळे मला हसू यायचं नाही.

त्याला मुलगी उशिरा झाली. प्रतिभा. तेव्हा तो महिन्यातले वीस दिवस उटनूर, आसिफाबाद, निर्मल असा फिरतीवर. घरी द्वारकाबाई एकटी. तिचं माहेर पैनगंगेपलीकडे, महाराष्ट्रात. पोरगी पहिली आमच्या शाळेत शिकली आणि दुसरीला तिला मामाकडे धाडायचं ठरलं. तिकडची शाळा बरी, आजी सांभाळायला, आणि सगळा कारभार मराठीत.

आता माझा भाग. आमच्या शाळेच्या पटावर त्या वर्षी बरोबर वीस पोरं होती. एक जरी कमी झालं तर शाळा बंद करून तेलुगू शाळेत मिसळू, असा दम वरून आला होता. प्रतिभाचं नाव कमी केलं की एकोणीस. मी देवाजीच्या घरी गेलो आणि म्हणालो, "पोरगी जाऊ दे तिकडं. नाव राहू दे इथं." तो म्हणाला, "राहू दे. का फरक पडते?" पाच वर्षं मी प्रतिभा देवाजी मुनेश्वर या नावापुढे रोज हजर लिहिलं. नदीकाठच्या गावांतून असं करणारा मी एकटा नव्हतो. पण माझ्या हजेरीपटावर लिहिणारा मी एकटाच होतो.

सातवीला ती परत आली. गायरानावर पहिल्याच दिवशी तिनं डाव्या पायानं बॉल अडवला आणि उजव्या पायानं सरळ माझ्या म्हाताऱ्या छातीवर मारला. देवाजी बघतच राहिला. घरात उजव्या पायानं मारणारं कोणीच नव्हतं. "हे कोनं शिकवलं तुले?" "पंढरी गुरुजीनं." मामाच्या गावातला जिल्हा परिषदेचा मास्तर. तिसरीपासूनच्या पोरांना शाळा सुटल्यावर खेळवायचा, एक ठिगळाचा बॉल आणि वर्गाच्या मागची जागा. देवाजी मुद्दाम नदी ओलांडून गेला आणि बांधावर बसून त्या माणसाचं शिकवणं संध्याकाळपर्यंत बघून आला. काही बोलला नाही, ओळखही दिली नाही. मला म्हणाला, "मानिक, तो मानूस माह्यापेक्षा चांगला हाय. अन् त्याले गावच्या बाहेर कोनी वळखत नाई."

मग आला टीव्ही. कतारचा वर्ल्ड कप सुरू झाला तेव्हा आदिलाबादच्या केबलवाल्याला फुटबॉल कळणारा माणूस हवा होता. जिल्ह्यात तसा माणूस एकच. केबलवरचा त्याचा तुकडा फोनाफोनांतून फिरला आणि हैदराबादच्या एका तेलुगू वाहिनीनं त्याला बोलावलं. पहिल्या दिवशी त्याच्या नावाखाली पट्टी आली, भारताचा माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. यानं भर कार्यक्रमात सांगितलं की मी भारताकडून खेळलेलो नाही, राज्याकडून खेळलो आहे, पट्टी बदला. बदलली. लोकांना तो माणूस आवडला. गोल झाला की निवेदिका मारणाऱ्याचं कौतुक करायची आणि आमचा गडी आपल्या वसतिगृहातल्या तेलुगूत तिला थांबवून विचारायचा, "बॉल एवरिच्चिंड्रु?" म्हणजे तेच, बॉल कोणी दिला? मग फुल्या मारलेलं मैदान कागदावर काढून तीन पास मागं जायचा आणि ज्याचं नाव कोणी घेतलं नाही त्याचं घ्यायचा. पोरंटोरं रस्त्यात त्याला त्याच वाक्यानं हाक मारू लागली. साठीच्या घरात आल्यावर माणसाला आपल्या जन्माचं चीज झाल्यासारखं वाटलं. द्वारकाबाईनं त्याच्यासाठी दोन नवे शर्ट घेतले.

वर्ल्ड कप संपला तरी वाहिनीनं त्याला सोडलं नाही. आठवड्यातून एकदा बस धरून तो हैदराबादला जायचा. तिकडे प्रतिभा जिल्ह्याकडून, मग राज्याकडून खेळली. आणि पुढच्या वर्षी खेळाडूंच्या कोट्यातून एक सरकारी नोकरी निघाली. आमच्या जिल्ह्याला जागा एकच, आणि ती जिल्ह्यातल्याच मुलीला मिळणार. जिल्ह्यातली म्हणजे कोण, तर पहिली ते सातवी या सात वर्षांतली चार वर्षं इथल्या शाळेत शिकलेली. यादी लागली. पहिलं नाव प्रतिभा, दुसरं भाग्यलक्ष्मी. कायम नोकरी. बापाला सात वर्षं हुलकावणी दिलेला तो शब्द पोरीच्या नावापुढे छापलेला होता.

शाळेचा दाखला माझा. पहिली ते सातवी, सगळी वर्षं आमच्या शाळेत. पट काढला, पटावर होतं तेच लिहिलं, सही केली, गोल शिक्का मारला. दुसऱ्यांदा विचार केला नाही, खोटं कशाला बोलू. नेमणुकीचा हुकूम यायला पंधरा दिवस होते. पंधरा दिवस सगळ्यांनी तोंड बंद ठेवायचं, एवढंच काम होतं.

त्या पंधरा दिवसांतच वाहिनीनं बाप-लेकीवर कार्यक्रम ठेवला. देवाजी तिकडे स्टुडिओत, आम्ही इकडे त्याच्या घरी टीव्हीसमोर. मी, द्वारकाबाई, प्रतिभा आणि अंगणात निम्मी आळी. प्रतिभाचा एक गोल दाखवला, उजव्या पायाचा, लांबून मारलेला. निवेदिका म्हणाली, बापच गुरू, केवढं भाग्य. देवाजीनं मान हलवली. नाही, म्हणाला. तिनं हसत हसत त्याचंच वाक्य त्याला विचारलं, मग सर, बॉल कोणी दिला?

तिथं तो हसून सोडून देऊ शकत होता. आमच्या गावानं दिला म्हणाला असता तरी टाळ्या पडल्या असत्या. पण देवाजीसाहेब खुर्चीत सरळ झाले. बोट वर करून सांगू लागले की माझी मुलगी दुसरीपासून सहावीपर्यंत पाच वर्षं पैनगंगेपलीकडे, महाराष्ट्रातल्या शाळेत शिकली. तिथे पंढरी गुरुजी म्हणून एक शिक्षक आहेत. हा उजवा पाय त्यांचा. त्यांचं नाव कोणी घेत नाही, मी घेतो. गावाचं नाव सांगितलं, शाळेचं सांगितलं.

द्वारकाबाईला माहेरचं नाव टीव्हीवर ऐकून भरून आलं. अंगणातल्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रतिभा माझ्याकडे वळली. तिचा चेहरा मी अजून विसरलो नाही. हळूच म्हणाली, "गुरुजी, बाबानं हे काऊन सांगतलं?" चहा तसाच ठेवून मी घरी निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी तो बसमधून उतरला तो हातात मिठाईचा डबा घेऊन. "पाह्यलं का मानिक? कसा झाला?" मी भर स्टँडवर त्याच्यावर ओरडलो. पोरीचा गळा कापलास म्हणालो. माझाही कापलास. त्याला कळायलाच वेळ लागला. कळल्यावर तो खाली बसला, डबा मांडीवर धरून.

"मी खोटं तर नाई बोल्लो," तो म्हणाला.

"पंधरा दिवस बोलायचं नव्हतं रे! पंधरा दिवस!"

"मंग त्याचं नाव कोनं घेतलं असतं?"

त्याला एक ठेवून द्यावी असं वाटलं. अजूनही वाटतं.

आठ दिवसांत तक्रारीची दरखास्त पडली. भाग्यलक्ष्मीच्या वडिलांनी दिली, सोबत त्या कार्यक्रमाचा तुकडा. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांचीही पोरगी दहा वर्षं घाम गाळत होती. हैदराबादहून चौकशीला एक साहेब आला. आदिलाबादच्या दफ्तरात आम्हा दोघांचं बयान झालं. आधी माझं. मी माझ्या पटाला चिकटून राहिलो. मग माझ्यासमोरच देवाजीला आत बोलावलं, आणि साहेबानं तो तुकडा त्याच्यासमोर लावला. टीव्हीतला देवाजी बोट वर करून बोलत होता आणि खुर्चीतला देवाजी मान खाली घालून ऐकत होता.

"साहेब, हे मी फेकलं," तो म्हणाला. "टीव्हीवर जरा भाव खाल्ला. पोट्टी इथंच शिकली. असा कोनी पंढरी गुरुजी नाई."

साहेबानं त्याच्या नावानं ते लिहून घेतलं, की मी टीव्हीवर खोटं बोललो. पंढरी नावाचा कोणी शिक्षक मला माहीत नाही. देवाजीनं सही केली. आयुष्यभर ज्यानं लोकांना थांबवून थांबवून देणाऱ्याचं नाव घ्यायला लावलं, त्यानं देणारा नव्हताच असं लिहून दिलं, आणि लेकीसाठी दिलं. दफ्तराबाहेर आल्यावर त्यानं नळाखाली हात धुतले. मी राग बाजूला ठेवून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वाटलं, निभावलं.

ते बयान वाहिनीपर्यंत पोचलं. कोणी पोचवलं देव जाणे. वाहिनीनं दोन ओळींचा निरोप पाठवला की खोटं सांगणारा तज्ज्ञ आम्हाला नको. ते दोन शर्ट मग तो वावरात घालू लागला.

साहेब मात्र सरळमार्गी माणूस होता. त्यानं नदीपलीकडच्या शाळेला एक पत्र टाकलं होतं. अमुक मुलगी अमुक वर्षी आपल्या शाळेत होती काय, असल्यास पुराव्यासह कळवावे. एवढंच. वर भरती खात्याचं नाव होतं, पण का विचारतोय ते लिहिलं नव्हतं. पंधरा दिवसांच्या आत टपालानं जाड लिफाफा आला. पाच वर्षांच्या हजेरीच्या नकला, प्रत्येक पानावर शिक्का, प्रगतिपुस्तकं, स्नेहसंमेलनाचा एक फोटोसुद्धा, त्यात ठिगळाचा बॉल घेऊन उभी असलेली प्रतिभा. लिफाफ्यावरचं अक्षर पंढरी गुरुजींचं. निवृत्त होऊनही शाळेत जाऊन, जुने गठ्ठे उपसून त्यांनी ते जमवलं होतं.

प्रतिभाचं नाव कापलं गेलं. भाग्यलक्ष्मी रुजू झाली. खोट्या दाखल्याबद्दल मला निवृत्तीच्या सात महिने आधी निलंबित केलं, आणि शाळा पुढच्या जूनमध्ये तशीही बंद झाली, पटावर अकरा पोरं उरल्यामुळे. प्रतिभा आता आदिलाबादच्या एका खासगी शाळेत पोरांना कवायतीच्या रांगेत उभं करते. बॉलला तिनं पाय लावलेला मी पाहिला नाही. गायरानावरच्या फुल्या पावसानं गेल्या, पुन्हा कोणी मारल्या नाहीत.

हे सगळं झाल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत, एका दुपारी देवाजीच्या अंगणात एक म्हातारा उभा राहिला. पांढरी टोपी, खांद्याला पिशवी. नदी ओलांडून, दोन बस बदलून आलेला. "देवाजी मुनेश्वर इथंच राह्यते ना? मी पंढरी गुरुजी."

मी ओट्यावर बसलो होतो. देवाजी खाटेवरून उठला तो उभाच राहिला. म्हाताऱ्यानं पिशवीतून शाल काढली आणि दोन्ही हातांनी त्याच्या खांद्यावर घातली. "छत्तीस वर्षं मास्तरकी केली," तो म्हणाला. "माहं नाव कोनी कधी घेतलं नाई. तुमी टीव्हीवर घेतलं. माह्या पोरानं ते फोनमदी धरून ठेवलं हाय, मी रोज पायतो." त्याचे डोळे भरले होते. शालीचं टोक मुठीत धरून देवाजी नुसता उभा होता.

प्रतिभा घरातून पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्यांच्या पाया पडली. म्हाताऱ्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सरकारचं पत्र आल्तं बरं माह्याकडं, तुह्या नोकरीसाटी! एक कागद सोडला नाई मी. पाच वर्षांत तुही एक गैरहजेरी नाई, हे बी लिवलं. मंग? लागली ना नोकरी?"

द्वारकाबाई दारातच थबकली. मी देवाजीकडे पाहिलं, तो जमिनीकडे. मला वाटलं आता मीच बोलावं, सगळं सांगून टाकावं, एकदाचं मोकळं व्हावं. तोंड उघडलंही होतं.

"लागली, गुरुजी," प्रतिभा म्हणाली.

म्हातारा टाळी वाजवून हसला. मग टीव्हीतल्या देवाजीसारखं बोट वर करून, गमतीनं, पोरीला विचारलं, "मंग सांग बरं, बॉल कोनं देल्ला?"

गायरानावरचा नियम तिला पाठ होता. तिनं तांब्या खाली ठेवला, पुढं झाली आणि त्यांचा हात हातात धरला.

"तुमी देल्ला, गुरुजी."

देवाजी शाल तशीच खांद्यावर घेऊन गोठ्यामागं निघून गेला. तो म्हातारा जाईपर्यंत परत आला नाही. द्वारकाबाईनं चहा केला, आम्ही प्यालो. पंढरी गुरुजींना सोडायला मी स्टँडवर गेलो. बसला वेळ होता. पिशवी मांडीवर घेऊन ते समाधानानं बसले होते, आणि त्यांच्या शेजारी मी, ज्यानं त्यांच्या वर्गातली पाच वर्षांची हजेरी आपल्या पटावर चोरून लिहिली होती.

बस आली तेव्हा पायरीवर चढता चढता ते वळले. "मास्तर, माहे कागद त्या सायबाले टायमावर भेटले ना? मले तेवढीच काळजी होती."

"भेटले," मी म्हणालो.